कोऱ्या धोतराचं ठिगळ

नव्या कापडाच्या खळीचा वास आला, की मुरुम गावचा तो अडत्या आठवतो आणि अजून तोंड कडू होतं. निजामाच्या राज्यात हा गृहस्थ बाजारात पैशापैशासाठी शेतकऱ्यांशी भांडायचा. पण ठिगळाच्या धोतरात हिंडायचा, म्हणून गाव त्याला संत म्हणायचं!

एका दुपारी तो कोरं, कडक धोतर घेऊन शिवणकाम करणाऱ्या माझ्या आईकडं आला. "ह्याला ठिगळ लावा."

"फाटलंय कुठं, मालक?"

"फाटलं न्हाय. पण माणसानं साधंच दिसावं. ठिगळाला जुनं कापड तुमच्या घरातलंच घ्या."

आईनं वडिलांच्या विटक्या धोतराचा तुकडा कापून लावला. शिलाई न देताच तो नम्रपणे हात जोडून निघाला. त्याच्या पाठीकडं बघत आई म्हणाली, "पैसा पुरंना मेल्याला, आता आमची गरिबी बी घेऊन गेला."