मलेशियाच्या टेबलावरची जागा

कुवेतच्या ज्या इस्पितळात मी अकरा वर्षं रक्त तपासलं, तिथे लॅबमध्ये माझ्या दोन्ही बाजूंना मलेशियाच्या बायका बसायच्या. डावीकडची मलय मुसलमान, केलांतानच्या एका मच्छीमाराची मुलगी. उजवीकडची तमिळ हिंदू, पेनांगची. तिच्या पणज्याला इंग्रजांनी रबराच्या मळ्यात नेऊन टाकलं होतं. दोघी शहराच्या सालमिया भागात एकाच फ्लॅटमध्ये राहत. घरात गोमांस शिजवायचं नाही, असं मलय मैत्रिणीनं आपणहून ठरवलं होतं. रमजानात तमिळ मैत्रीण दिवसभर चूल पेटवायची नाही.

मी मूळची चिपळूणची, त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायची. शुक्रवारी त्यांच्याकडे नारळाच्या दुधातला भात आणि तळलेली सुकी मासळी असायची. मांदेलीच वाटायची मला ती.

काउंटरवर पेशंट तमिळ मैत्रिणीला हमखास विचारत, "इंती हिंदिया?" तू भारतीय का? ती म्हणायची, "ला. मालीझिया." नाही, मलेशियाची. समोरचा हसून दुसरीकडे बघायचा. मग मलय मैत्रीण मोडक्या अरबीत ठणकावायची, "आम्ही दोघी बहिणी."

मला त्या देशाचं फार कौतुक वाटायचं.

मग इस्पितळात देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांचा दिवस ठरला. प्रत्येक देशाला एक टेबल. मलेशियाचं टेबल मलय मैत्रिणीकडे आलं. तमिळ मैत्रिणीनं त्यासाठी मलय पद्धतीचा लांब झगा आणि घागरा शिवून घेतला आणि दाखवायला लॅबमध्ये आणला. मलय मैत्रीण बराच वेळ टेस्ट ट्यूब सरळ करत राहिली.

"आमच्या मलय नर्सेस म्हणताहेत, टेबलावर सगळ्या एकसारख्या दिसाव्यात," ती म्हणाली. "डोक्याला स्कार्फ वगैरे. लोक विचारत बसतात गं, कुणाकुणाला समजावणार? इंडियाच्या टेबलावर माणसं कमी आहेत. तिथे तू जास्त शोभशील."

"शाळेत मलय निबंधाचं बक्षीस मला मिळायचं."

"माहीत आहे मला."

मी मधे पडले. केवढ्या प्रेमानं म्हणाले, "जाऊ दे गं. ये आमच्याकडे. माझी पैठणी नेसवते तुला. तू आमचीच तर आहेस!"

तिनं झग्याची घडी घातली. "ती म्हणते मी तिची नाही, तू म्हणतेस मी तुझी. मला घराबाहेर काढण्यात तुम्हा दोघींचं एकमत आहे."

त्या दिवशी तिनं ड्यूटी बदलून घेतली आणि लॅबमध्ये एकटीनं काम केलं. मी पैठणी नेसून भारताच्या टेबलावर चकल्या वाटल्या.

नंतर कँटीनमध्ये मी मलय मैत्रिणीला धारेवर धरलं. ती शांतपणे म्हणाली, "तू माझं गाव पाहिलेलं नाहीस. बाबांची होडीसुद्धा दुसऱ्याची. बाजारातली दुकानं चिन्यांची, दवाखान्यातला डॉक्टर तमिळ. सरकारनं कॉलेजात मलय मुलांसाठी जागा राखून ठेवल्या म्हणून मी शिकले. देश आपला, बाकीचे आले आणि राहिले, हे ऐकत मी मोठी झाले."

"आणि ती?"

"तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. जागा मिळाली नाही. हे तिनंच सांगितलं मला, कांदे चिरता चिरता." तिनं चहाचा कप बाजूला सारला. "मला वाईट वाटतं. पण ते टेबल मी सोडणार नाही."

महिन्याभरात तमिळ मैत्रीण फरवानिया भागात केरळच्या नर्सेसबरोबर राहायला गेली. शेवटी तिला भारतीयांमध्येच जागा मिळाली. लॅबमध्ये दोघी कामापुरतं बोलत. वर्षाच्या आत तिला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली. निघताना ती मलय मैत्रिणीशी मलय भाषेत काहीतरी बोलली. काय म्हणाली, ते मी नंतर विचारलं.

"म्हणाली, सुट्टीला गेलीस की माझ्या आईला भेटून ये."

ती सुट्टीहून आल्यावर मी विचारलं, "भेटलीस?"

"नाही."

हे सगळं मी घरी नवऱ्याला तावातावानं सांगायची. कसला हा देश, माणसं मोजायची ती जातकुळी बघून! त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळात नाटक बसत होतं. आमच्याच इस्पितळातला एक्स-रेवाला, दापोलीचा मुसलमान, त्यात काम करायला आपणहून तयार झाला होता. त्याचं मराठी ऐकत राहावं असं. बैठकीत एक काका म्हणाले, "त्यांच्या समाजाची वेगळी मंडळं आहेत. उगाच कशाला?" त्याला ओळखणारी मी एकटीच, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "बघू या, पुढच्या वर्षी."

दोन दिवसांनी तो लिफ्टपाशी भेटला. "ताई, नाटकाचं काय झालं?"

"अहो, भूमिका सगळ्या भरल्या होत्या."

"काही हरकत नाही," म्हणत त्यानं माझ्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

भरल्या नव्हत्या. सूत्रधाराला माणूसच मिळेना. शेवटी माझ्या नवऱ्यानं ते काम हातात कागद धरून, वाचून दाखवलं.