ऑक्टोपसपायी गेलेली मिशी

माझे वडील गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वारले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला फोन करून शिव्या घातल्या.

दोन्ही गोष्टींना मीच जबाबदार आहे. पण आधी त्या समुद्राबद्दल बोलू द्या, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथे शाळेला सुट्टी लागली की सगळी गल्ली स्पेनला जाते आणि भाजून परत येते. वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, आपणही तिथल्या मायोर्का बेटावर जाऊ." माझ्या डोळ्यांपुढे वाळू आली, शहाळं आलं, भेळ आली. प्रत्यक्षात काय? खडक! कड्यावरून बकरीसारखं उतरायचं, खाली दोन खडकांच्या बेचक्यात घमेल्याएवढा समुद्र, आणि बसायला पुन्हा खडकच. असले दगड आमच्या बार्शीच्या खाणीतही आहेत. तिथे कुणी उघडा जाऊन बसला तर लोक घरी निरोप पाठवतात. इथे माणसं टॉवेल अंथरून हसत पडली होती!

उतरता उतरता वैशालीच्या पायातली पट्ट्यापट्ट्यांची काळी सँडल निसटली, ती थेट पाण्यात.

"अहो, बघत काय उभे राहिलात?" ती ओरडली. जसं काही मीच ढकलली!

तेवढ्यात आमची दहा वर्षांची रेवा पाण्यातून डोकं वर काढून किंचाळली, "बाबा! ऑक्टोपस! खडकाच्या खाली! ये ना, क्विक, तो जाईल!"

आजवर या पोरीला जगातलं सगळं मी दाखवत आलो. तिने मला काहीतरी दाखवायची ही पहिलीच वेळ. नाही कसं म्हणणार? मी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस. चष्मा वैशालीच्या हातात दिला, भाड्याचा मास्क चढवला, नळी दातात धरली आणि पाण्यात तोंड घातलं.

भसकन समुद्र आत! वर आलो, पट्टा आवळला, पुन्हा गेलो. पुन्हा समुद्र आत! डोळे लाल, नाकात मीठ. मास्क मी खडकावर आपटणारच होतो.

"बाबा, तुझा मिशी पाणी आत घेतो," रेवा म्हणाली. (इथे जन्मलेली मुलं मराठी बोलतात, याचाच आनंद मानायचा.) "शेव्ह कर ना!"

इथे जरा थांबायला हवं. आमच्याकडे वडील हयात असताना मुलगा मिशी उतरवत नाही. दादा, म्हणजे माझे वडील, बार्शीच्या बाजारात शिवणकाम करतात. त्यांनी मशीनवर पाय मारले आणि मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बदल्यात त्यांनी कधी काही मागितलं नाही. मिशी राखणं एवढी एकच सेवा मी इतक्या लांबून त्यांची करत होतो, आणि तीही तिला आपोआप उगवायची सवय असल्यामुळे!

"बाबा, प्लीज! तो जाईल!"

"काढा हो! बार्शीहून कोण बघतंय?" असं म्हणून वैशालीने पिशवीतून स्वतःचा रेझर काढून दिला. (हे वाक्य मी फ्रेम करून तिच्या डोक्यावर टांगणार आहे.)

रागाच्या भरात काढली. साबण नाही, आरसा नाही, खाऱ्या पाण्यावर! इतकी आग झाली की मी हात जोडून देवाचं नाव घेतलं. नेमका तोच फोटो रेवाने आईच्या फोनवर काढला आणि उत्साहात फॅमिली ग्रुपवर टाकला.

आता तो फोटो बघा. मी कमरेएवढ्या पाण्यात उघडा. डोळे लाल. हात जोडलेले. मिशी साफ. डोक्यावर तर मुळातच काही नाही!

हे मला काहीच माहीत नव्हतं. मी रेवाचा हात धरून पाण्याखाली बघत होतो. मास्कमध्ये थेंबही येत नव्हता. तिने बोट दाखवलं. खाली निळ्या धुक्यात काळं काहीतरी आपले हात पसरून पडलं होतं. ऑक्टोपस! मला भरून आलं. मी वर येऊन तिला म्हटलं, "काय सुंदर आहे गं!"

बाहेर आलो तर वैशाली फोन पुढे धरून उभी. चुलत भाऊ बंडू होता.

"दादा गेले आणि तू ग्रुपवर नुसता फोटो टाकतोस?"

"कोण गेलं?"

"सकाळी डोळे दाखवायला काकूंना घेऊन सोलापूरला गेले होते. दुपारपासून मी फोन करतोय, उचलत नाहीत. तरी म्हटलं!"

मला पाण्याचा ठसका लागला.

"रडू नकोस," बंडू म्हणाला. "इकडचं सगळं मी बघतो." आणि त्या खडकाळ खड्ड्यातली रेंज गेली!

संध्याकाळी हॉटेलवर दादांचा फोन आला. त्यांचा मोबाईल दिवसभर घरीच चार्जिंगला होता.

"एसटीतून उतरलो तर दारात शंभर माणसं! तुझी आई तिथेच मटकन बसली. बंडूनं बांबूसुद्धा आणले होते. तेही आखूड! जन्मभर गावाची मापं घेतली मी, आणि माझं माप कुणाला ठाऊक नाही?"

"दादा, चुकलं..."

"मी जिवंत आहे रे, गाढवा! कशासाठी काढलीस?"

"रेवाला ऑक्टोपस दाखवायचा होता."

दादांचा आवाज उतरला. "दिसला का तरी?"

"दिसला, दादा. डोळे भरून."

"मग ठीक. पोरीसाठी काढलीस म्हणून सोडतो. उगवेपर्यंत तोंड दाखवू नकोस."

फोन ठेवला आणि चष्मा लावून रेवाच्या पाण्याखालच्या कॅमेऱ्यातले फोटो बघायला बसलो.

"हा बघ ऑक्टोपस," रेवा म्हणाली. "पण तो तू यायच्या आधीच गेला. मग मी तुला मम्माचा सँडल दाखवला. तू म्हणालास, काय सुंदर आहे."

दादांना मी हे अजून सांगितलेलं नाही. एकाच उन्हाळ्यात बापाला दोनदा मारणं बरं दिसत नाही.