लातूरचा सर्व्हर, नांदेडच्या ताई

लातूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी सर्व्हर सांभाळायचो. नोकरी नवी होती, निलंग्याहून रोज एसटीनं यायचो. दवाखान्याची एक शाखा नांदेडला होती आणि तिथल्या पेशंटची माहितीही आमच्याच सर्व्हरवर असायची. नांदेडच्या काउंटरवर एक ताई बसायच्या. मुदखेडहून रेल्वेनं येणाऱ्या, वयानं माझ्या आईच्या जवळपास.

दोन्ही दवाखान्यांना जोडणारी इंटरनेटची जुनी लाइन बदलून नवी घेतली, आणि तेव्हापासून नांदेडचं काम रखडायला लागलं. सकाळी काउंटर उघडलं की ताईंचा फोन यायचा.

"सर, स्क्रीनवर परत चाक फिरून राहिलंय."

मी सर्व्हरसमोर बसून एकेक सेटिंग बदलायचो. जोडणी घेताना सर्व्हर समोरच्या कॉम्प्युटरचं नाव शोधत बसायचा, ते बंद केलं. बफर, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवायच्या जागा, वाढवले. प्रत्येक बदलानंतर म्हणायचो, "ताई, आता बघा."

"जरा पळालं... न्हाई, बसलं परत."

स्क्रीन उघडेपर्यंत फोन चालूच असायचा, मग ताई बोलत राहायच्या. गाडी कुठं अडकली, लेकीनं भाजीत मीठच घातलं नाही, रांगेतल्या एका बाईनं पिशवीत जिवंत कोंबडी आणलीय. माझ्यासमोर नुसते आकडे हलायचे आणि कानात सगळा नांदेडचा दवाखाना भरलेला असायचा. पण दोष काही सापडेना, कारण लातुरात सगळं सुरळीत होतं. शेवटी आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "फोनवर किती दिवस करणार? जाऊन बघा एकदा."

अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो. आवाजावरून मी एक धिप्पाड बाई मनात धरली होती. प्रत्यक्षात ताई काउंटरमागून जेमतेम दिसत होत्या. मला बघून त्या हसल्याच.

"अगं बाई! लेकरूच हाय की हे!"

'सर' तिथंच संपला. त्यांनी शेजारी खुर्ची ओढून दिली आणि मी स्क्रीन बघत बसलो.

रांगेत भोकरचे एक निवृत्त मास्तर बायकोला घेऊन आले होते. बाईंचे दोन्ही डोळे इथंच तपासले जायचे, कित्येक वर्षं. ताईंनी नाव टाकलं आणि चाक फिरायला लागलं. मास्तरांनी बराच वेळ कळ काढली, मग वाकून हळूच विचारलं, "ताई, नव्या लोकांचं लगेच निघतंय अन् आमचंच दर बारीला अडकतंय. आमचं काही चुकलंय का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, संकोच होता. ते मला फार लागलं. पण त्याच क्षणी डोक्यात लख्ख झालं. नव्या पेशंटची माहिती थोडी असते, जुन्यांची भरपूर. म्हणजे थोडकं येतंय आणि मोठं वाटेत राहतंय.

सर्व्हर माहिती पाठवतो ती तुकड्या-तुकड्यांत. एका तुकड्याचा जास्तीत जास्त आकार ठरलेला असतो. नव्या लाइनला तो आकार पेलत नव्हता. मोठा तुकडा वाटेतच टाकून दिला जायचा, आणि तसा निरोपही सर्व्हरला पोचत नव्हता. सर्व्हर पुन्हा पुन्हा तेच पाठवत बसायचा. मी तिथूनच लातूरच्या सर्व्हरवर तो आकार कमी केला.

"ताई, आता बघा."

ताईंनी पुन्हा नाव टाकलं. बाईंची सगळ्या वर्षांची माहिती झरकन पडद्यावर आली. ताईंनी टाळीच वाजवली. मास्तरांना मी सांगितलं, "तुमचं काही चुकलं नव्हतं, आमच्या मशीनचं चुकत होतं." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बायकोला म्हणाले, "चला, आपला नंबर लागला."

दुपारी ताईंनी डब्यातली ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी माझ्यापुढं सरकवली. "खा. फोनवर लई छळलंय मी तुला."

लातूरला परतलो आणि फोन थांबला. सकाळी सर्व्हरसमोर बसलो की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. चार-पाच दिवसांनी मीच फोन लावला.

"काय झालं? बंद पडलं का?" ताई घाबरल्या.

"न्हाई. सहजच केला."

"मग बस की, बोल," त्या म्हणाल्या. रांग थोडी असली की आम्ही असेच बोलायचो, त्या निवृत्त होईपर्यंत.

आता दवाखान्याची माहिती कुठल्या तरी दूरच्या क्लाउडवर असते. तक्रार आली तर ती लिहून येते, कुणाचा आवाज येत नाही. काम सोपं झालंय, हे खरंच आहे. पण मध्यंतरी नांदेडला गेलो तेव्हा सरळ मुदखेडची गाडी पकडली. ताईंनी दारातच ओळखलं. केस पांढरे झाले होते, बोलणं तेच. नातवंडं, शेजारीण, स्टेशनवरची नवी गर्दी, एकामागून एक सांगत राहिल्या. मी चहा पीत ऐकत बसलो. परतीची गाडी निघून गेली, तरी उठावंसं वाटलं नाही.