विमानातून डोंगरगड
परवा पोथीत विमानाचं जुनं तिकीट सापडलं आणि रायपूर ते नागपूर माझा तो एकमेव विमानप्रवास आठवला. सून म्हणाली होती, “बाबा, अडीचशे किलोमीटर तर आहे, पाऊण तासात पोचाल.” पोचणारच, पण मधल्या डोंगरगडचं काय? डोंगरावरच्या देवीला रेल्वेच्या खिडकीतून हात जोडल्याशिवाय आमच्या घरातलं कोणी कधी पुढे गेलं नाही. आणि इथं खाली पाहावं तर नुसता पिंजलेला कापूस, डोंगर कुठला दिसायला! कोणाला विचारणं आपल्या स्वभावात नाही. म्हणून मी तेव्हाच हात जोडले आणि ठरवलं, नागपूरपर्यंत सोडायचेच नाहीत. मधात कुठंतरी लागेलच ना डोंगरगड! विमानातली पोट्टी चहा घेऊन आली, वेलचीचा मस्त वास सुटला होता. पण हात गुंतलेले, मी मानेनंच नको म्हटलं. ती वाकून हळूच म्हणाली, “दादाजी, डरिए मत, कुछ नहीं होगा.” “डरता कौन है?” मी असा ओरडलो, की अख्खं विमान माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहायला लागलं. शेजारी बसलेल्या बायकोला म्हटलं, “आता तरी बोल वं, सांग ना इले!” तिनं माझा चहा स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, “पहली बार बैठे हैं ना, बेटी.” दंड भरून आले, तरी चाकं जमिनीला टेकेपर्यंत मी हात सोडले नाहीत. त्याच विमानात असलेले नागपूरचे पाहुणे आजही मला भित्रा म्हणून हसतात. खरं कारण बायकोला आणि देवीला ठाऊक आहे, पण दोघीही तोंड उघडत नाहीत.