कावळा शिवलाच नव्हता

माझी पहिली पोरांची कादंबरी एका कावळ्यानं सांगितली आहे. आर्वीतल्या आमच्या अंगणातल्या निंबावर तो बसतो आणि खालची माणसं बघून चक्रावतो. एरवी त्याला हुसकून लावणारी हीच माणसं घरात कुणी मेलं की त्याला हात जोडून बोलावतात, कोठीत धान्य असून उपाशी राहतात. एवढं सगळ्यांना गोड लागलं. सातवं प्रकरण मात्र कडू लागलं.

त्या प्रकरणात घरातली बाई मागच्या पडवीत तरटावर वेगळी बसली आहे. तिची पोरगी जवळ जाऊ बघते, तर मोठी माणसं अडवतात, शिवू नको, आईला कावळा शिवला. वर बसलेला कावळा हे ऐकतो आणि म्हणतो, मी तर सकाळपासून या फांदीवरून हललो नाही.

ती पोरगी मीच. दर महिन्याला आई अशी बाहेर बसायची, आणि मी गावभर कावळ्यांना दगडं मारत हिंडायची. कावळा अंगणात उतरलाच नाही, तर आई मला कुशीत घेऊन झोपेल, एवढंच मला कळत होतं. पुढे मी न्हातीधुती झाले, मलाही त्याच तरटावर बसवलं, तेव्हा उमगलं की कावळ्याचा यात काडीचा संबंध नाही. असा संताप आला म्हणता! अजून येतो. बाईच्या अंगाची साधी गोष्ट सांगायची यांना लाज, आणि मुक्या पाखरावर आळ घ्यायची नाही.

कादंबरी लिहिली तेव्हा मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. वर्ध्याचे एक छापखानेवाले, बाबांचे जुने स्नेही, ती छापायला तयार झाले. एका दुपारी सर्व्हिस मोटारीनं आले, बैठकीत टेकले आणि म्हणाले, सगळं झकास आहे, फक्त सातवं प्रकरण काढा, शाळांमध्ये असलं चालत नाही. मी नाही म्हटलं. मग छापणं जमायचं नाही, ते म्हणाले. बाबा कचेरीत कारकून, भांडणाला भिणारा माणूस. ते मला समजावू लागले की एवढ्याशासाठी हट्ट कशाला, पुस्तक तर निघू दे. मी म्हटलं, ते प्रकरण गेलं तर माझा कावळा खोट्यात सामील झाला, आणि तसला कावळा मला नको.

बोलणं तिथंच अडलं. विषय बदलायला पाहुण्यांनी विचारलं, वहिनी दिसत नाहीत? बाबा खाकरले. आणि माझ्यादेखत, सातव्या प्रकरणाचे कागद माझ्या मांडीवर असताना, म्हणाले, "कावळा शिवला."

मी तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. पडवी भिंतीपलीकडेच होती. आईनं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं ती चहा घेऊन सरळ बैठकीत आली. बाहेर बसायच्या दिवसांत तिनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तिनं पाहुण्यांसमोर कपबशी ठेवली, बाबांसमोर ठेवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भाऊजी, मले कोणताच कावळा शिवला नाई," ती म्हणाली. "पोरीनं खरं लिहिलं. घ्या, चहा घ्या."

पाहुणे कपाकडे बघत राहिले. मग त्यांना मोटारीची वेळ आठवली. चहाला हात न लावता ते गेले.

बाबांनी आपला कप उचलला आणि नुसताच हातात धरला. आई समोर उभी होती, हलली नाही. मला वाटलं, आता ठेवतात खाली. पण त्यांनी एक घोट घेतला, मग सगळा चहा संपवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरा छापखाना पाहू."

आई पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली. बैठकीतल्या खुर्चीवर! त्यांचा निवलेला चहा तिनं सावकाश पिऊन टाकला.

सातवं प्रकरण पुस्तकात आहे. एक अक्षर कमी नाही.