हवालदार लेकरू होतात तेव्हा

बायको गेल्यापासून आमच्या आठ वर्षांच्या लेकीला मी नजरेआड झालेला चालत नाही. मी दार ओढून घेतलं की तिला श्वास पुरत नाही. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. घरी त्याचा काही उपयोग झालेला नाही. म्हणून यवतमाळच्या पोलिसांना शहरी मुलांमधली चिंता समजावून सांगायचं बोलावणं आलं, तेव्हा तिलाही सोबत नेलं. ती हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसली, डोळे माझ्यावर ठेवून.

माझं बोलून झालं. कोणाला काही शंका आहे का, असं विचारलं. एका शिपायाने हात वर केला.

"सर, शहरी म्हणजे कुठवर धरायचं? बाभुळगावचं लेकरू इथं येऊन घाबरलं तर हद्द कोणाची?"

भीतीला हद्द नसते, असं मी म्हणालो. कोणाचंही समाधान झालेलं दिसलं नाही.

मग प्रात्यक्षिक. निवृत्तीला आलेल्या एका थोराड हवालदारांनी स्टँडवर आईपासून चुकलेलं लेकरू व्हायचं आणि एका महिला शिपायाने त्याला धीर द्यायचा. खाली बसा, हळू बोला, असं मी बजावलं होतं. ती गुडघे टेकून बसली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "बाळा, पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार?"

हवालदार मुठींनी डोळे चोळत होते. प्रश्न कानावर पडताच त्यांची पाठ ताठ झाली. "वय सहा वर्षे, धंदा शिक्षण, राहणार आर्णी. समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, आज रोजी मी माझे आईसह स्टँडवर हजर असताना..."

"काका, रडा ना!"

"जबाब होऊ दे आधी. रडणं सहीनंतर."

हॉल हसला. त्यात शेवटच्या खुर्चीवरचं हसूही होतं. ते मी फार दिवसांनी ऐकलं.

हवालदारांना जमिनीवरून उठता येईना. तिथूनच त्यांनी माझ्या लेकीला विचारलं, "काहून हसून राह्यली वो बाई? तुले येते का घाबरता?"

"येतं."

"मग सांग ना, कसं असते? तुह्या बाबानं सांगतलं ते मले काही समजलं नाही."

ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि त्यांच्यासमोर बसली. "पोटात काहीतरी पळतं. मग वाटतं, बाबाही येणार नाही."

हवालदारांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "मलेही होते. बायकोनं फोन नाही उचलला की."

"म्हणून ड्युटीभर फोन लावून राह्यता का काका!" मागून कोणीतरी ओरडलं.

चहाची सुट्टी झाली. मी लेकीला म्हणालो, "चल, बाहेर जाऊ."

"तू जा. मी काकांना शिकवते आहे."

मी आवारात कप घेऊन उभा राहिलो. खिडकीतून एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. शेवटी तीच खिडकीशी आली. "बाबा, सारखा काय बघतोस? मी इथंच आहे."

तिच्या मागून हवालदारांचा आवाज आला, "प्या सर, आरामानं प्या."

आरामाने काही जमलं नाही. पण सगळा चहा मी बाहेरच प्यालो.