मिशीची पेरं

हेस्टर क्लेगनं लँकशरच्या आमच्या शाळेत एकोणतीस वर्षं मुलांना जेवू घातलं, पण गाव तिला ओळखतं ते लांबटांग्या माश्यांमुळे. दिव्यावर धडपडणाऱ्या त्या माश्या आम्हाला सगळ्या सारख्याच. हेस्टरला नाहीत. शरदातली जात आणि वसंतातली जात अगदी सख्ख्या बहिणी. पण मादीचे पंख पोटाहून आखूड तर शरदातली, लांब तर वसंतातली, हे तिनंच आम्हाला शिकवलं.

तेच अंगाशी आलं. आमच्या क्लबात चेंडू गडगडवायचं हिरवळीचं मैदान आहे आणि ते राखतो तिचा भाऊ सेथ. माश्यांच्या अळ्या गवताची मुळं खातात, म्हणून शरदात संध्याकाळी तो ओल्या गवतावर ताडपत्री अंथरतो; सकाळी अळ्या वर आलेल्या असतात, त्या पाखरांना घालतो. पूर्वी ताडपत्रीचं दुसरं टोक हेस्टर धरायची. आईच्या घरावरून भांडण झालं आणि आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद. आता सेथ त्या टोकावर दगड ठेवतो.

"वसंतातली जात आपल्याकडे नाहीच," असं सेथ छातीठोक सांगायचा, म्हणून उन्हाळ्यात ताडपत्री अंथरायचाच नाही. मे महिन्यात कप्तान हॉल्रॉइडना क्लबाच्या खिडकीत लांब पंखांची मेलेली मादी सापडली. "ही बघा! ऑगस्टच्या सामन्यापर्यंत मैदान फस्त होणार. काढा त्या सेथला!"

काडेपेटीतून माशी हेस्टरकडे नेली ती मीच. तिनं भिंग लावलं.

"अगं, वाळलीय ही. पोट आक्रसलं की पंख लांब दिसणारच. मिशीची पेरं मोजायची. वसंतातलीला तेरा, शरदातलीला चौदा."

तिनं तीनदा मोजली. चौदा. गेल्या शरदातच मेलेली होती ती.

"भावासाठी एक पेर वाढवलंत वाटतं?" क्लबाच्या कमिटीपुढे तिनं हे सांगितलं तेव्हा हॉल्रॉइड कुजकटपणे म्हणाले.

"भाऊ? आठ वर्षांत मेलीस की जगलीस हे विचारलं नाही त्यानं. हे घ्या भिंग. मोजा."

हॉल्रॉइडनी मोजली. चौदाच भरली. सेथची नोकरी वाचली. मला तिचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन नवऱ्याला सगळं दोनदा सांगितलं.

आठवड्यानं मी तिच्याकडे चहाला गेले, तर उंबऱ्यावर काडेपेटी. आत ताजी माशी, चिठ्ठी नाही. पण पेटीला सेथच्या तंबाखूचा वास. ही माशी त्याला चिरडून टाकता आली असती, कुणाला कळलंही नसतं. हेस्टरनं मोजलं, पुन्हा मोजलं. चहा तसाच ठेवून तिनं कोट चढवला. मी मागोमाग.

सेथ मैदानात गुडघ्यावर बसला होता.

"तेरा आहेत रे, सेथ."

त्यानं मान वर केली नाही. "म्हणजे चुकलो मी."

"चुकलास. पुढच्या महिन्यात अळ्या वर येतील. ताडपत्री धड आहे ना?"

"आहे की. दगडही आहेत."

"यंदा दगड नकोत," हेस्टर म्हणाली.